माणिकरावांची थायरॉइडची वही

माणिकरावांनी मला माझं नाव विचारलं ते नोकरीच्या चौथ्या दिवशी. रक्तगट मात्र पहिल्याच दिवशी विचारला, तोही मी दारात चपला काढत असताना.

"ग्रुप?"

"बी पॉझिटिव्ह," मी म्हटलं.

"अरेरे." त्यांनी चष्मा वर सरकवून माझ्या गळ्याकडे नीट पाहिलं. "एक घोट गिळा बघू."

मी गिळला. का गिळला ते मला आजही सांगता येणार नाही, पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की माणूस आधी गिळायचा आणि मग विचार करायचा.

"अजून काही नाही दिसत. पण होणार. थायरॉइड होणार हे धरून चला, म्हणजे परेशानी नाही होत." एवढं सांगून ते आत गेले आणि त्यांनी रक्ताच्या नळ्या फिरवणारं सेंट्रिफ्यूज सुरू केलं. माझं हैदराबादेतलं स्वागत असं झालं.

नवऱ्याची बदली झाली म्हणून मी पुण्याहून इथे आले होते. नारायणगुड्यात एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर ही लहानशी पॅथॉलॉजी लॅब होती. मालक डॉक्टरसाहेब तेलुगू, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारे. उरलेली सगळी वाक्यं माणिकराव बोलत. ते तिथले जुने टेक्निशियन, मी नवी. वय साठीच्या पुढे, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, बोटांना कायम स्पिरिटचा वास. त्यांचे आजोबा बिदरकडची शेती सोडून इथल्या जामबागेत आले आणि तिथेच राहिले. घरात मराठी, दारात दखनी, दवाखान्यात तेलुगू. "हो"ऐवजी त्यांचं "हाव" आणि "का"ऐवजी "कामून" ऐकून पहिल्या आठवड्यात माझ्यातली पुणेकरीण मनातल्या मनात लाल शाईने खुणा करत होती. सहा महिन्यांनी मी स्वतःच नवऱ्याला फोनवर "हाव" म्हणाले आणि त्याने "कोण बोलतंय?" असं विचारलं.

रक्त काढण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ज्यांच्या शिरा सापडत नाहीत अशा म्हाताऱ्या बायका मोठमोठी हॉस्पिटलं सोडून आमचा जिना चढायच्या, आणि मी सुई घेऊन पुढे झाले तर हात पदराखाली घ्यायच्या. माणिकरावांची युक्ती साधी होती. ते प्रश्न विचारत. "ग्रुप काय? आईचा काय? बहिणींना गळ्याचं काही? वजन वाढलं? केस गळतात?" माणूस उत्तरं जुळवण्यात इतका गुंतायचा की सुई आत गेली कधी आणि बाहेर आली कधी हे त्याला कळायचंच नाही.

हे प्रश्न नुसते गुंतवायला नव्हते. त्यांची उत्तरं वहीत जायची.

ही वही म्हणजे शाळेच्या वह्यांसारखं खाकी कव्हर घातलेलं जाडजूड रजिस्टर होतं. वर लाल शाईने "थायरॉइड व रक्त: निरीक्षणे" असं लिहिलेलं. त्याची जन्मकथा त्यांनी मला पहिल्याच महिन्यात तीनदा सांगितली. फार वर्षांपूर्वी एकाच सकाळी तीन बायका आल्या, तिघींचं थायरॉइड बिघडलेलं, आणि तिघीही बी ग्रुपच्या.

"तीन बायका, तिन्ही बी. आता याला तुम्ही योगायोग म्हणता?"

"हो," मी म्हटलं.

"म्हणूनच तुम्ही पुण्याच्या," ते म्हणाले आणि विषय संपला.

त्यांचा सिद्धांत दोन कलमी होता. बी ग्रुपला थायरॉइड गाठणार. ओ ग्रुपला ते शिवणार नाही. ए आणि एबी यांच्याबद्दल त्यांचं मत अजून बनायचं होतं, आणि त्या लोकांशी ते जरा तुटकपणेच वागत. ओ वाल्या माणसाला मात्र ते दारापर्यंत सोडायला जात. बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत ते माणसाचा चेहरा पाहून ग्रुप सांगत. अंदाज चुकला तर "तुमचा रिपोर्ट कुठून काढला होता?" असं विचारून त्या लॅबची कीव करत.

डॉक्टरसाहेबांना मी एकदा विचारलं, की यात काही तथ्य आहे का. ते कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "देखनेवाले देखे हैं. कोई बोलता ये ग्रुप, कोई बोलता वो ग्रुप, कोई बोलता कुछ भी नहीं. पक्का किसीकू नहीं मालूम. सिर्फ माणिकराव को मालूम." त्या दिवशीची त्यांची बरीच वाक्यं यात खर्च झाली.

माणिकरावांचा खरा पराक्रम पाहायला मिळाला तो संक्रांतीला. त्यांच्या घरी सुधाकाकूंचं हळदीकुंकू असायचं, आणि जामबाग, नारायणगुडा, काचीगुडा इथल्या मराठी बायका झाडून यायच्या. काकूंनी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणायच्या ठरवल्या होत्या. माणिकराव म्हणाले, वाट्या सगळ्यांच्या घरी आहेत, यंदा मी असं वाण देतो की जन्मभर उपयोगी पडेल.

मी पोचले तेव्हा समोरच्या खोलीत पाटावर काचपट्ट्या मांडल्या होत्या. बर्फाच्या डब्यात ग्रुप तपासायच्या निळ्या आणि पिवळ्या औषधाच्या बाटल्या. काकू दारात हळदकुंकू लावत होत्या, गुलाबपाणी शिंपडत होत्या, आणि म्हणत होत्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि बोट पुढे करा." जरीच्या साड्या नेसलेल्या बायका ओळीने बसून बोट टोचून घेत होत्या. प्रत्येकीला जाताना हाताने लिहिलेलं कार्ड मिळत होतं, त्यावर नाव, ग्रुप आणि खाली "शुभेच्छा".

बी ग्रुपच्या बायका उतरल्या चेहऱ्याने चपला शोधत होत्या. ओ ग्रुपच्या बायका लॉटरी लागल्यासारख्या हसत होत्या. त्यातल्या एका देशमुखबाईंनी माणिकरावांना हळूच विचारलं, की मला हल्ली फार थकवा असतो, चेहरा सुजतो, डॉक्टर थायरॉइड तपासा म्हणतात, तर काय करू?

"ओ ना तुम्ही? मग लाइट घ्या हो, मनावर नका घेऊ! कामून सुई टोचून घेता? झोप काढा चांगली."

देशमुखबाई खूश होऊन गेल्या. मीही तेव्हा हसले. ते हसू नंतर मला चांगलंच टोचलं.

वहीची दुसरी बाजू मला उन्हाळ्यात कळली. एका ओ ग्रुपच्या बाईंचं थायरॉइड चांगलंच बिघडलेलं निघालं. मला वाटलं, आता सिद्धांताची पंचाईत झाली. माणिकरावांनी शांतपणे विचारलं, "आईचा ग्रुप?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"वडिलांचा?"

"तोही नाही माहीत."

"मग तेच तर." त्यांनी वही उलटी केली, मागून भरत आलेलं पान काढलं आणि तिथे नाव लिहिलं. त्या पानाच्या डोक्यावर लिहिलेलं होतं: "चौकशी बाकी". म्हणजे ओ ग्रुप असून थायरॉइड झालेल्या माणसाचं घराणं तपासून होईपर्यंत त्याला हिशेबात धरायचं नाही. आणि चौकशी अर्थातच कधी पुरी होत नव्हती. पुढून वही बी ग्रुपने भरत होती आणि मागून तिला ओ ग्रुप गुपचूप पोखरत होता. मधे कोरी पानं फारशी उरली नव्हती.

सुधाकाकू रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. ज्वारीची भाकरी, खट्टी दाळ आणि माझ्यासाठी वेगळी चटणी. ठेंगणी, गोरी, बोलकी बाई. पण त्या वर्षी त्यांचं बोलणं कमी होत गेलं. जिना चढून आल्या की त्या पहिल्याच खुर्चीत बसायच्या आणि बसल्या बसल्या डोळे मिटायच्या. आवाज घोगरा झाला होता. डब्यात कधी मीठ दोनदा, कधी अजिबात नाही. एप्रिल महिन्यात, सगळं शहर कूलरसमोर बसलेलं असताना, त्या शाल पांघरून आल्या तेव्हा मी माणिकरावांकडे पाहिलं.

"काय पाहता? आळस आहे," ते म्हणाले. "दिवसभर टीव्ही बघते आणि झोपते. मी दोन वर्षांपासून सांगायलोय, चाल जरा, फिर जरा. ऐकत नाही."

"काका, एकदा थायरॉइड बघू या का?"

"तिचं? ती ओ आहे!" ते इतके मनापासून हसले की मी डब्याकडे वळले. "मी लग्नच बघून केलंय. म्हणजे बघून नव्हतं केलं, पण निघाली ओ. नशीब लागतं."

काकूंनी हे सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव घरोघरी रक्त गोळा करायला बाहेर पडल्यावर त्या जिना चढून आल्या. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, माझं रक्त काढ."

"काकांना सांगू?"

"नको गं. सांगितलं की हसतात. आळशी आळशी ऐकून मलाही आता खरंच वाटायलंय की मी आळशी झाले. सकाळी उठून केस विंचरायचे म्हटलं तर रडू येतं. हे काय आहे ते मला एकदा कळू दे. आळस असेल तर आळस."

रोज शंभर लोकांना "केस गळतात का, थकवा येतो का" विचारणाऱ्या माणसाच्या घरात ही बाई दोन वर्षं शाल पांघरून बसली होती, आणि आम्हीही रोज तिचा डबा खात होतो.

डॉक्टरसाहेबांना विचारल्याशिवाय हे करणं शक्य नव्हतं. मी भीत भीत सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता रागावणार. ते म्हणाले, "नाम दूसरा डालो. असली फॉर्म मेरे पास रखो. मशीन माणिकरावकोच चलाने दो." आणि मी त्यांना पहिल्यांदाच दात दाखवून हसताना पाहिलं.

दुसरं नाव काय घालायचं हे काकूंनीच ठरवलं. "बदलायचंच तर चांगलं घेते. रत्नमाला. लहानपणी मला फार आवडायचं." फॉर्मवर फोन नंबर काकूंच्या मोबाइलचा घातला. माणिकरावांना तो पाठ नव्हता, कारण त्यांच्या फोनमध्ये तो "घर" या नावाने होता आणि ते फक्त बटण दाबत.

दुपारी थायरॉइडचे नमुने मशीनमध्ये लागले. मी समोर बसून लेबलं चिकटवत होते, खरं तर तीच तीच लेबलं परत चिकटवत होते. तासाभराने माणिकराव कागद हातात घेऊन बाहेर आले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"ही रत्नमाला कोण?"

"सकाळी आल्या होत्या," मी म्हटलं.

"हिचं टीएसएच मशीनला मोजता येतं त्याच्याही वर गेलंय. मी परत लावलं, तरी वरच. ही बाई जिना चढून आली? चालत?" ते येरझारा घालू लागले. "घरचे लोक काय करायलेत? नवरा आहे की नाही हिला? आहे तर आंधळा आहे का? एवढी सुजली असेल, थंडी वाजत असेल, आवाज बसला असेल, आणि कुणाला दिसलं नाही? आळशी म्हणत असतील बिचारीला!"

मी मान खाली घातली. डॉक्टरसाहेब आपल्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले होते.

"बी असणार," माणिकराव म्हणाले आणि त्याच नळीतल्या तळाच्या रक्ताने ग्रुप काढायला बसले. काचपट्टी हलवली, उजेडात धरली. कुठेच गुठळी नाही. पुन्हा केली. पुन्हा नाही. म्हणजे ओ.

"चौकशी बाकी," ते पुटपुटले. पण वहीकडे गेले नाहीत. "ते नंतर. आधी हिच्या नवऱ्याला झापतो." आणि फॉर्मवरचा नंबर पाहून त्यांनी लॅबच्या फोनवर तो फिरवला.

फोनवर समोरच्याला हॅलोच्या पुढे जाऊ न देणं ही माणिकरावांची जुनी खोड. पलीकडून हॅलो आलं असेल नसेल, यांनी सुरुवात केली. "रत्नमालाबाईंच्या घरून ना? लॅबमधून बोलतोय. बाईंच्या मिस्टरांना फोन द्या. मला त्यांच्याशीच बोलायचंय. घरात बायको इतकी आजारी, आणि हा माणूस डोळे मिटून बसलाय का कुठे? कुठे असतात ते दिवसभर?"

आणि मग ते श्वास घ्यायला थांबले. लॅबमध्ये इतकी शांतता होती की पलीकडचा घोगरा आवाज आम्हा दोघांनाही स्वच्छ ऐकू आला.

"लॅबमध्ये असतात. तुमच्याच खुर्चीत बघा."

माणिकरावांच्या कानाला फोन तसाच होता. पलीकडून काकू म्हणाल्या, "अहो, जेवलात का? आज भाजीत मीठ घातलंय का ते आठवेना मला." माणिकरावांनी अगदी हळू "घातलंय" म्हटलं. डबा अजून उघडलेलाही नव्हता.

मी गंमत म्हणून मनात या क्षणाची किती वाट पाहिली होती! पण त्यांचा चेहरा पाहून माझी सगळी गंमत उतरली. त्यांनी फोन ठेवला, हात धुतले, आणि खूप वेळ धूतच राहिले. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "दोन वर्षं मी तिला आळशी म्हणालो. रोज. नातेवाइकांसमोर पण." डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि रिपोर्टवर सही करून तो त्यांच्याच हातात दिला. नाव मात्र आता खरं होतं.

संध्याकाळी ते काकूंना स्वतः थायरॉइडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशीपासून गोळी सुरू झाली.

त्याच आठवड्यात वहीचा निकाल लागला. ते वही घेऊन बसले आणि मागच्या पानांवरची नावं पुढे आणू लागले. एक एक नाव, चौकशी न करता. दुपारपर्यंत ओ ग्रुपची रांग बी ग्रुपच्या बरोबरीला आली. डॉक्टरसाहेब वाकून पाहत होते. म्हणाले, "माणिकराव, अपने शहर में ये दोच ग्रुप जास्ती हैं. बाजार में खड़े रहो तो भी येईच मिलेंगे. टाइफाइड का रजिस्टर बनाते तो उसमें भी येईच आते." माणिकरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "ये पहले बोलना था साब." डॉक्टर म्हणाले, "आप बोलने देते तो बोलता."

मला वाटलं, आता हा माणूस मोडेल. पण त्यांनी वेगळंच केलं. संक्रांतीच्या कार्डांच्या स्थळप्रती त्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्यातल्या सगळ्या ओ वाल्या बायकांची यादी काढली आणि रोज सकाळी स्कूटरवरून एकेकीच्या दारात जाऊन उभे राहू लागले. "मी तुम्हाला तपासू नका म्हणालो होतो. ते चूक होतं. हात द्या." बायका गोंधळल्या. काहींनी दार लोटून घेतलं. एकीने तर खिडकीतून विचारलं, "मग आता बी वाल्यांचं काय? त्या सुटल्या का?" देशमुखबाईंचं रक्त त्यांनी सगळ्यात आधी घेतलं. त्यांचं थायरॉइड बिघडलेलंच होतं. माणिकराव रिपोर्ट घेऊन स्वतः गेले, त्यांच्या नवऱ्यासमोर हात जोडून माफी मागितली, आणि परत आल्यावर मला म्हणाले, "देशमुख चांगला माणूस आहे. चार शब्द बोलला मला. बोलायलाच पाहिजे होता."

पुढच्या हिवाळ्यात काकूंच्या आवाजातला घोगरेपणा बराच गेला आणि डब्यातलं मीठ जागेवर आलं. दोघांनी लेकीकडे परभणीला दोन महिने राहायला जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी काकूंचा नवा रिपोर्ट तयार झाला, म्हणून सकाळी तो द्यायला मी नामपल्ली स्टेशनवर गेले. दोघं खिडकीशी समोरासमोर बसले होते. माणिकरावांनी रिपोर्ट तीनदा वाचला, चौथ्यांदा मला वाचून दाखवला, आणि घडी करून शर्टच्या खिशात ठेवला. आकडा छान खाली आला होता.

तेवढ्यात चहावाला आला. माणिकरावांसारखा चहाबाज मी दुसरा पाहिला नाही. किटली दिसताच त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तसाच परत आला.

"अर्धा घंटा के बाद आओ."

"साब, गाडी दस मिनट में निकल जाती," चहावाला म्हणाला.

"निकलने दो. इनोंने अब्बीच गोली खाए." मग मला समजावून सांगितलं, की गोळी रिकाम्या पोटी, त्यावर अर्धा तास चहा नाही. आणि काकूंना चहा नाही तर त्यांनाही नाही, तिच्यासमोर एकट्याने कसा प्यायचा? रोज सकाळी हा अर्धा तास ते तिच्यासमोर बसून काढतात, घड्याळ लावून. काही काम नाही, वही नाही, फोन नाही. नुसतं बसायचं आणि बोलायचं. "दुसरं करणार काय?" ते म्हणाले, आणि वरच्या फळीवरची पिशवी नीट लावायला उठले.

काकूंनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. चेहऱ्यावर रत्नमाला हे नाव निवडताना होतं तेच हसू.

"गोळी मी पाचलाच घेतली, घरी," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "रोजच लवकर घेते. यांना उशिरा सांगते. चाळीस वर्षांत हा माणूस माझ्यासमोर असा अर्धा तास बसला नव्हता गं. सांगू नकोस."

मी मान हलवली. दुसऱ्यांदा त्यांचं गुपित माझ्याकडे आलं होतं आणि हे मी जन्मभर सांभाळणार होते. शिट्टी झाली. चहावाला शेवटचं एकदा खिडकीवरून आशेने फिरून गेला, आणि माणिकरावांनी त्याच्याकडे न बघायचा मोठा पराक्रम केला.

गाडी हलली तेव्हा ते घड्याळाकडे बघत होते, आणि काकू त्यांच्याकडे.